जाळ्याखालची विहीर

भंडारा जिल्ह्याचा नकाशा मी नऊ वर्षं दर मे महिन्यात काढत आले. जिल्हा मात्र पाहिला यंदा, पहिल्यांदाच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. माझ्या बाबतीत दुरून विहिरीसुद्धा साजऱ्या होत्या.

माझं काम सांगते, म्हणजे पुढची फजिती कळेल. पुण्याच्या एका कचेरीत मी भूजलाचे नकाशे काढते. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींत पाणी काठापासून किती खाली आहे ते वर्षातून काही वेळा मोजलं जातं, आकडे आमच्याकडे येतात, आणि मी त्यांतून रंग भरते. पाणी वर असलं तर निळा, खोल गेलं की तपकिरी. दरवर्षीचे नकाशे एकापुढे एक ठेवले की जमिनीच्या पोटात काय चाललंय ते दिसतं. त्यातही मे महत्त्वाचा, कारण पावसाआधी विहीर सगळ्यात रिकामी असते.

आता नकाशा काढणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. त्याला एकसारखा रंग आवडतो. आणि लाखांदूर तालुक्याच्या तपकिरी पट्ट्यात जवळजवळ दर मे महिन्यात एक निळा ठिपका मला वाकुल्या दाखवायचा. गावाला मी इथे पिंपळबोडी म्हणते, खरं नाव वेगळं आहे. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी सात मीटरच्या आसपास आणि ही एकटी साडेपाचच्या आत! आकडे लिहून पाठवणारी कोणी वच्छलाबाई म्हणून होती. मी मनाशी ठरवून टाकलं की बाई घरबसल्या आकडे ठोकून देतेय. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या बाबतीत उचलली पेन्सिल लावली कागदाला, इतकंच. छापील नकाशावर तिच्या गावाशेजारी लाल पेन्सिलीनं ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं.

साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मग जाऊनच या. खोटं निघालं तर विहीर नकाशातून काढू आणि बाईंचं काम दुसऱ्याला देऊ."

अशी मी निघाले, खांद्याला नकाशाची लांब नळी अडकवून आणि डोक्यात निकाल आधीच लिहून.

लाखनी

लाखनीला नरेशभाऊ भेटले. तिथल्या विहिरी मोजायचं कंत्राटी काम करणारे, पस्तिशीचे, मोटारसायकलवर बसल्याशिवाय ज्यांना बोलायला सुचत नाही असे. हायवेच्या कडेला एका टपरीवर त्यांनी मला तर्री-पोहे खाऊ घातले. आमच्या साताऱ्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. इथे चण्याची लालभडक तर्री ओततात आणि वरून विचारतात, अजून टाकू का. मी ऐटीत "टाका" म्हटलं. पुढची पाच मिनिटं माझ्या डोळ्यांतून भूजल वाहत होतं.

"मोजाले आल्या ना जी म्याडम? चालू झालं म्हना काम," नरेशभाऊ म्हणाले. टपरीवाल्यासकट सगळे हसले आणि मला दुसरा पाण्याचा गिलास मिळाला.

तुलनेसाठी मोजायची पहिली विहीर ट्रकांच्या रांगेमागे, उन्हाळी धानाच्या कडेला. माझ्याजवळ तारेच्या गुंडाळीचं एक यंत्र होतं. तार खाली सोडायची, टोक पाण्याला टेकलं की ते 'पीं' करतं, आणि तारेवरचा आकडा वाचायचा. तिथे मोटार इतक्या जोरात धडधडत होती की पीं ऐकायला नरेशभाऊंना यंत्राला कान लावावा लागला. सात मीटरला थोडं कमी. माझ्या तपकिरी रंगात अगदी फिट्ट. मी खूष.

मे महिन्याच्या त्या उन्हात चोहीकडे हिरवागार धान उभा पाहून मी थक्क झाले होते. आमच्याकडे या दिवसांत काळी जमीन भेगाळून पडलेली असते. "हे सगळं पाणी कुठलं?" मी विचारलं.

"काही कालव्याचं. बाकीचं आता तुमीच मोजलं ना," असं म्हणून त्यांनी किक मारली.

अड्याळ

अड्याळला पोचलो तो बाजाराचा दिवस. वांग्यांचे ढीग, वाळवलेले झिंगे, मोहफुलं, पाट्यावरवंट्यापासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत सगळं एका रांगेत. झिंगे विकणाऱ्या म्हातारीनं माझ्या नळीकडे बोट दाखवून विचारलं, "बंदूक होय का बाई?"

"नकाशा आहे आजी."

"बंदूक असती तं बरं झालं असतं. रानडुकरं धान खाऊन रायले."

या मुलखात मला सगळ्यात नवल वाटलं ते तलावांचं. आमच्याकडे तलाव म्हणजे शाळेच्या सहलीला जायची जागा. इथे गाव तिथे तलाव, आणि त्याहून लहान असला की त्याला बोडी म्हणतात. तलावाची मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेतं, आणि मधे कुठेतरी एक विहीर. आमच्या विहिरी कातळात खणलेल्या, खोल आणि घुम्या. इथल्या मात्र रस्त्यात भेटलेल्या शेजारणीसारख्या, वाकून बोलावं इतक्या जवळ.

अड्याळची विहीर बाजाराच्या मागे होती आणि तिथे बायकांची ही गर्दी. एक बादली वर, दुसरी खाली. मी दोन बादल्यांच्या मधे घाईघाईनं तार सोडून आकडा टिपला. सात मीटरहून जरा जास्त. "कितीक हाय जी पानी?" एकीनं विचारलं. मी सांगितलं. "आमाले मोजाले मशीन नाही लागत," ती म्हणाली, "खांदे दुखले का समजते." पुन्हा सगळ्या हसल्या आणि माझ्याच पायावर अर्धी बादली सांडली. त्या उन्हात ती मला मानाची वाटली.

दुपारी एका खानावळीत पाटवडीचा रस्सा आणि भात जेवले. नरेशभाऊंना मी नकाशा उघडून दाखवला. लाखनी बरोबर, अड्याळ बरोबर. आता फक्त पिंपळबोडी.

"वच्छलाबाई?" नरेशभाऊ घास थांबवून म्हणाले. "थे बाई खोटं नाही लिवत म्याडम."

"मग तिच्याच विहिरीत गंगा येते का?"

"मले का मालूम? तिकडची मोजनी मी नाही करत. तिची मोजनी सकारी हाय, सकारी सात वाजता."

"म्हणूनच आज जायचं," मी म्हटलं. न सांगता गेलं की खरं कळतं, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं.

पिंपळबोडी, दुपार

पवनीवरून लाखांदूरकडे आणि मग आत कच्च्या रस्त्यानं. चारच्या सुमारास पोचलो. गाव तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं, आणि पाळीच्या पायथ्याशी माझा तो निळा ठिपका: दगडी काठाची, भल्या मोठ्या घेराची विहीर. काठावर मोजायच्या जागी गेरूची खूण. शेजारच्या दोन बांध्यांवरच्या दोन मोटारी तिच्यातून पाणी ओढत होत्या.

वच्छलाबाई साठीच्या, बुटक्या, काटक. घर ढिवरांचं, नवरा देवाजी आणि त्या तलावात मासोळी धरतात, थोडा धानही करतात. अंगणात वाळत घातलेली जाळी बाजूला सारत त्या आल्या आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "आज कायले आल्या जी म्याडम? मोजाचं तं सकारी हाय."

"आजच मोजते, मावशी. विहीर काय, आज आणि उद्या तीच."

मी तार सोडली. पीं. सात मीटर दहा! मला झालेला आनंद सांगायला नको. नऊ वर्षांचा संशय खरा ठरला होता. आकडा नीट वाचायला मी काठावर आणखी वाकले आणि माझा चष्मा नाकावरून सुटून सरळ विहिरीत गेला. खालून 'डुब्' ऐकू आलं. चष्म्याशिवाय मला म्हैस आणि बैलगाडी सारखीच दिसते, हे इथे सांगितलेलं बरं.

देवाजींनी लुगडं कसल्यासारखं धोतर खोचलं, दगडांतल्या खाचांवरून खाली उतरले आणि बुडी मारली. पहिल्या बुडीत एक चप्पल वर आली. दुसऱ्या बुडीत स्टीलचा पेला. "आपलाच होय," वच्छलाबाई खूष होऊन म्हणाल्या, "दिवाळीपासून पाहून रायली मी." चौथ्या बुडीत चष्मा आला, एक काडी वाकडी, काचा शाबूत. मी धन्यवाद म्हणत होते, ओशाळतही होते, पण सात-दहा मात्र वहीत लिहून ठेवलं.

"हे माप खोटं नाही," वच्छलाबाई वहीकडे बघत म्हणाल्या. "पन हे मोटारीचं माप हाय, हिरीचं नाही. मानूस उन्हातून धावत आला तं तुमी त्याची नाडी पाहाता का जी? त्याले बसवता, पानी देता, मंग पाहाता. हिरीचंबी तसंच हाय. पानी बसू द्या लागते."

शेवटची बस केव्हाच गेली होती आणि नरेशभाऊंच्या गाडीचा मागचा टायर बसला होता. पाण्याआधी तोच बसला. मुक्काम करणं भाग पडलं.

पिंपळबोडी, संध्याकाळ

ऊन उतरल्यावर वच्छलाबाईंनी एक जुनं, विटलेलं जाळं खांद्यावर घेतलं आणि विहिरीवर आल्या. देवाजींनी दुसरं टोक धरलं. दोघांनी ते विहिरीच्या तोंडावर ताणलं आणि चार बाजूंना दगडांना बांधून टाकलं. घागर घेऊन येणारी एक मुलगी जाळं पाहून तशीच हापशीकडे वळली. पलीकडच्या बांधीवरून कोणीतरी हाक दिली, "जाळं पडलं रे! मोटार बंद कर!" एक मोटार थांबली. दुसरीवाला जरा कुरकुरला, "धानाले पानी पायजे ना काकी," पण त्यानंही बटण दाबलं. दिवसभर कानांत भरलेला धडधडाट गेला आणि तलावावरची टिटवी एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

"दर वेळी असंच करता?" मी विचारलं.

"दर खेपेले. तलावात मासोळी धराची असली तं आमी आधल्या दिशी पान्यात पायबी नाही टाकत. हिलत्या पान्याचा अंदाज चुकते. मले टेप देली तवा कोनी सांगतलं नोयतं असं करा म्हून. सांगाचं काय त्यात?"

तेव्हाच मला लाखनीची धडधडणारी मोटार आठवली. अड्याळच्या बादल्या आठवल्या. पण सात-दहा हा आकडा मला सोडवेना.

जेवायला लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि झिंग्यांची चटणी होती. मी तीनदा भात घेतला. आमच्याकडे पाहुण्याला पोळी वाढतात, भात शेवटी. इथे भाताला आधी-नंतर काही नाही, भात हेच जेवण. वच्छलाबाई वाढत होत्या आणि माझं पुण्यातलं घर, मुलगी, सासू सगळं विचारून घेत होत्या. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा नकाशा दाखवा ना जी. आमचं गाव कुठं बसवलं तुमी?"

मी तो उघडायला नको होता. पण मला माझ्या नकाशाचा अभिमान आहे, आणि अभिमान माणसाला गोत्यात आणतो. खाटेवर पसरला. नरेशभाऊंनी बोटानं रस्ता दाखवला: लाखनी, अड्याळ, पवनी, लाखांदूर. वच्छलाबाईंचं बोट त्यापुढे सरकत निळ्या ठिपक्यावर आलं आणि लाल खुणेपाशी थांबलं.

"हा गळ काहून काढला?" त्यांनी कौतुकानं विचारलं. "मासोळीवाल्याचं गाव म्हून?"

देवाजी हसले. नरेशभाऊ हसले नाहीत. खोटं बोलायला ती फार सोयीची जागा होती, आणि मी जवळजवळ बोललेच होते. पण त्या बाईच्या हातचं जेवून तिच्या खाटेवर बसून ते जमेना.

"गळ नाही मावशी. तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, अशी ती खूण आहे. मीच काढली."

मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. वच्छलाबाई उठल्या, आत गेल्या आणि एक जाड सुती दोरी घेऊन आल्या. दोरीच्या खालच्या टोकाला दगड, आणि एका ठिकाणी जवळजवळ दाटीनं बांधलेले रंगीत धागे. दर मे महिन्यात टेपनं मोजून झालं की त्या ही दोरी त्याच गेरूच्या खुणेवरून सोडतात आणि पाणी जिथे लागेल तिथे धागा बांधतात. त्या वर्षी घरात ज्या रंगाच्या कपड्याची चिंधी असेल तो रंग. बारा-तेरा धागे होते. सगळ्यात जुना सगळ्यात वर. मधल्या एका कोरड्या सालचा एकदम खाली घसरलेला, मग परत वर. पण एकंदरीत एकाखाली एक, हळूहळू उतरणारे.

नऊ वर्षं मी जे नकाशे एकापुढे एक ठेवून बघत होते, ते इथे एका दोरीवर होतं. तो कोरड्या सालचा धागा मला ओळखू आला. त्या वर्षी माझा अख्खा जिल्हा काळपट झाला होता.

"मले खोटंच लिवाचं असतं," वच्छलाबाई म्हणाल्या, "तं दरसाली पानी उतरलेलं काहून लिवलं असतं? चांगलं वर नसतं का चढवलं? माही हीर हाय, माह्या गावाची. तिचं पानी कमी होऊन रायलं हे लिवाले मले बरं वाटते का?"

मी "चुकलं" म्हटलं.

"सकारी तुमीच मोजा. मी हात नाही लावत," त्या म्हणाल्या आणि भांडी आवरायला गेल्या.

पिंपळबोडी, सकाळ

सात वाजता विहिरीवर आम्हा चौघांशिवाय अर्धं गाव होतं. वच्छलाबाई पाळीवर हात बांधून उभ्या. जाळं देवाजींनी सोडलं. खरं सांगायचं तर आता मला उलटंच हवं होतं. आदल्या दिवशी ज्या आकड्यासाठी मी टाळ्या वाजवल्या असत्या, तो येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला हाका मारत होते. माझ्यासारख्या बाईनं यंत्राच्या कामात देवाला ओढावं, म्हणजे पाहा.

वाकडा चष्मा एका हातानं धरून तार सोडली. पाणी आरशासारखं स्वच्छ, कुठे एक तरंग नाही. पीं.

पाच मीटर अठ्ठेचाळीस.

मी दोनदा पुन्हा मोजलं. तेच. वच्छलाबाईंचा गेल्या मेमधला आकडा पाच-चाळीस होता. एका रात्रीच्या विश्रांतीनं विहीर दीड मीटरहून वर आली होती, आणि वर्षाच्या धावपळीनं चार बोटं खाली गेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण नकाशावर जायला हवी होती ती दुसरी.

"म्याडम," नरेशभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "मंग लाखनीले आपन हीर मोजली का मोटार?"

मी नळी उघडली आणि नकाशा तिथेच काठावर पसरला. पिंपळबोडीची लाल खूण खोडरबरानं घासून काढली. कागद जरा झिजला, पण खूण गेली. मग लाल पेन्सिल काढली आणि लाखनीशेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. अड्याळशेजारी एक. मग त्या पट्ट्यातल्या एकेका विहिरीशेजारी. वच्छलाबाई आता जवळ आल्या होत्या.

"अरे बाप्पा, एवढे गळ! मंग ते सारे लोक खोटे होय का?"

"नाही मावशी. त्यांना कोणी सांगितलंच नाही. सांगायचं काम आमचं होतं."

त्यांनी कमरेला गुंडाळून आणलेली ती धाग्यांची दोरी सोडली, दगड पाण्यात सोडला, वर काढली, आणि ओल्या जागेवर बोट दाबून ठेवून पदराच्या गाठीतून एक हिरवी चिंधी काढली. मला वाटलं, आता बांधतील. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"बांधा, बाई."

काल दुपारपासून मी म्याडम होते. मी हिरवा धागा गेल्या वर्षीच्या पिवळ्याखाली, चार बोटं सोडून बांधला. गाठ दोनदा सुटली.

परतताना

निघताना वच्छलाबाईंनी एक गाठोडं दिलं. मला वाटलं झिंगे. झिंगे होतेच, पण त्यांच्याखाली एक जुनं जाळं होतं. "आड्याळच्या हिरीले बांधजा," त्या म्हणाल्या. नरेशभाऊंनी आणि मी परतीच्या वाटेवर ते खरोखरच बांधलं. बादली घेऊन आलेल्या बायकांनी आधी आम्हाला वेड्यात काढलं, मग नाडीची गोष्ट ऐकली, आणि त्यातली खांदे दुखणारी म्हणाली, "एक रात आमाले बी आराम." त्या रात्री तिथेच राहिलो; सकाळी मोजलं तर अड्याळची विहीरही मीटरभर वर आली होती.

पुण्याला आल्यावर सूचना लिहायला बसले. 'मोजणीच्या आदल्या सायंकाळपासून उपसा पूर्णतः बंद ठेवून पाण्याची पातळी स्थिर झाल्याची खात्री करावी' वगैरे अर्धं पान झालं. साहेबांनी वाचून विचारलं, हे लोक पाळतील का? मी म्हटलं, जाळी पाठवू या. ते हसले, मी हसले नाही. माझ्या टेबलासमोरच्या त्या नकाशावर अजून गळच गळ आहेत. पुढच्या मेपर्यंत ते एकेक करून निघतील. एकच ठिपका आज साफ आहे, आणि त्याच्याजवळ कागद जरा झिजलेला आहे.

एक सांगायचं राहिलं. पंक्चर काढून मोटारसायकल सुरू झाली तेव्हा वच्छलाबाई मागून धावत आल्या. मला वाटलं काही विसरलं असेल. त्यांनी माझ्या चष्म्याची वाकडी काडी नीट केली, नाकावर घट्ट बसवला आणि म्हणाल्या, "तो हिरवा धागा तुमचा होय, ध्यानात ठेवजा. येत्या साली तुमचा आकडा खोटा निंगाला ना, तं गळ मी काढीन."